भिंतीला चिकटलेल्या टेबलासाठी पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले) स्पीकर: मोठा शंकू ४ इंची की ५ इंची?

टेबल जेमतेम चार फुटी, मागे लगेच भिंत. रात्री सगळे झोपल्यावर हळू आवाजात गाणी ऐकते. गायकाचा श्वाससुद्धा ऐकू यावा एवढीच हौस. बजेट कमी आहे.

— ४ इंची पुरे झाले. भिंतीजवळ बेस आपोआप फुगतो. मागे पोर्ट (बेससाठीचं भोक) असलेला टाळा.

— वॅटला भुलू नका, ताई. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच, म्हणजे थोडासाच, वाढतो. माझ्या आधीच्या जोडीतून गाणं बंद असतानाही बारीक सूं यायचं, रात्री फार छळायचं. घेण्याआधी ट्विटरला (बारीक, उंच आवाज काढणारा छोटा स्पीकर) कान लावून ऐकाच.

— आणि ट्विटर कानाच्या उंचीला हवा. खाली जाड पुस्तकं ठेवली तरी चालतं.