इटलीतील वॉर सिमेट्रीत मराठा पलटणींसाठी फलक: नियम काय आहेत?

टायबरकाठ: नमस्कार. मी नोकरीनिमित्त उंब्रिया प्रांतात राहतो. 1944 च्या उन्हाळ्यात याच डोंगरांत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान लढले आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 रोजी वरच्या टायबर खोऱ्यात वीरमरण आले, हे आपण जाणताच. आम्ही काही मराठी कुटुंबे आणि येथील नगरपालिका मिळून या पलटणींच्या नावाने एक छोटा फलक लावू इच्छितो. जवळच्या कॉमनवेल्थ वॉर सिमेट्रीत मित्रराष्ट्राच्या परदेशी तुकडीचा असा फलक लावता येतो का, आणि परवानगी कोणाकडे मागावी? एकूण खर्च 1,500 युरोंच्या आत बसवायचा असून पुढील 10 जुलैपर्यंत काम व्हावे, अशी इच्छा आहे.

खडकीकर: सिमेट्रीच्या आत लावण्याचा विचार सोडून द्यावा. आमच्या खडकीच्या वॉर सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातील 1,668 कबरी आहेत आणि मी लहानपणापासून तेथे जात आलो आहे. कोणत्याही संघटनेने हौसेने लावलेली पाटी मला तेथे कधी दिसली नाही. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेच्या सैनिकांची नावे तेथील स्मारकावर आहेत, पण ती या सिमेट्री सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने स्वतः कोरलेली आहेत. 1917 साली स्थापन झालेल्या या आयोगाचा मूळ दंडकच असा आहे की प्रत्येक मृताचे नाव कायमस्वरूपी कोरावे आणि हुद्दा, वंश वा धर्म यांवरून भेद करू नये. तेथे मान नावाला मिळतो, तुकडीला वेगळा चौथरा मिळत नाही.

माणगावचा_पाटील: आमच्या माणगावात घाडगे यांचा पुतळा आहे आणि तो पाहून माणूस थबकतो. फलकाकडे कोण पाहतो? आपणही ब्राँझचा अर्धपुतळाच बसवावा. खर्च थोडा वाढेल, परंतु असल्या कामात हात आखडता घेऊ नये.

टायबरकाठ: पाटीलसाहेब, आपली भावना पोहोचली, मर्यादा मात्र 1,500 युरोंचीच आहे.

दस्तऐवज: प्रश्नातील एक शब्द दुरुस्त करणे भाग आहे. आयोगाच्या दृष्टीने मराठा पलटणी परदेशी नाहीतच. भारत हा आयोगाच्या 6 सदस्य राष्ट्रांपैकी एक आहे, म्हणून आपले जवान तेथे ‘घरचे’ मानले जातात आणि पाहुण्या तुकडीसाठी सवलत मागण्याचा मुद्दाच उरत नाही. घाडगे यांची कबर सापडलेली नाही, त्यामुळे त्यांचे नाव इटलीतील कॅसिनो गावच्या, कबर न सापडलेल्यांसाठीच्या स्मारकावर आहे. ज्या हिंदू व शीख जवानांचे दहन झाले, त्यांच्यासाठी इटलीतच सांग्रो आणि फोर्ली येथे स्वतंत्र दहनस्मारके आहेत. खरी परदेशी मित्रसेना म्हणजे पोलंडची, आणि तिची माँटे कॅसिनोला स्वतःची दफनभूमी आहे.

जुनी_वही: घरचे म्हणे! इराकमधील बसरा स्मारकाच्या शिळांवर ब्रिटिशांची नावे आणि आपल्या साध्या शिपायांची केवळ संख्या, हा घरचा न्याय होता काय? पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुटच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी होत्या. 2021 साली आयोगाने या असमानतेबद्दल अहवाल काढून माफी मागितली, तेव्हा कोठे हे अधिकृतपणे मान्य झाले. मी एका कार्यालयाशी अशाच कामासाठी दीर्घ पत्रव्यवहार केला आणि हाती पोचपावतीपलीकडे काही आले नाही. परवानगी मागणाऱ्याने संयम खिशात घेऊनच निघावे.

दस्तऐवज: बसऱ्याची तक्रार रास्त आहे, पण ते स्मारक पहिल्या महायुद्धाचे आहे. कॅसिनोवर आपल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. दोन्हींची सरमिसळ करू नये.

पोटोमॅक: आमच्याकडे अमेरिकेत व्हर्जिनियातील आर्लिंग्टन या राष्ट्रीय लष्करी दफनभूमीचे नियम याहून कडक आहेत, आणि मी ते कायद्यातूनच वाचले आहेत. नवे स्मारक ज्या सेवेचे वा घटनेचे असेल तिला किमान 25 वर्षे उलटलेली असावी लागतात आणि जागा दफनास अयोग्य असलेलीच मिळते. तरीही 1927 मध्ये कॅनडाने दिलेला क्रॉस तेथे उभा राहिला, कारण तो कॅनडाच्या सैन्यात लढलेल्या अमेरिकनांसाठी होता. लाओसमध्ये अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या ह्मोंग व इतर सैनिकांना मात्र 1997 साली झाडाखाली एक छोटा दगड आणि पाटी एवढेच मिळाले. आपण काळ्या ग्रॅनाइटचा दगड घ्यावा. तो शंभर वर्षे टिकतो.

खडकीकर: मी वर म्हटलेच होते की आत परवानगी मिळणे कठीण आहे.

रोमा_नकाशे: मी येथे स्थापत्याच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून व्यवहाराचे बोलतो. सिमेट्रीची जमीन इटालियन जनतेने कायमची दिलेली असली तरी तिच्या आतला निर्णय आयोगाचा आहे. फाटकाबाहेर पडलात की नगरपालिका, प्रीफेट्टुरा म्हणजे केंद्र सरकारचे जिल्हा कार्यालय, आणि वारसा व निसर्गदृश्य सांभाळणारी सोप्रिन्तेन्देन्झा यांच्याशी गाठ पडते. 1927 च्या 1188 क्रमांकाच्या कायद्यानुसार सार्वजनिक जागी स्मारक वा शिळा उभारायची तर संबंधित व्यक्तीच्या मृत्यूला 10 वर्षे झालेली असावी लागतात. तुमच्या बाबतीत ही अट कधीच पूर्ण झाली आहे. शिवाय माँतोने गावाने जुलै 2023 मध्ये घाडगे यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारलेच आहे. तेथील नगरपालिकेला भेटून त्यांनी कागद कसे पुढे सरकवले, ते विचारा. दगड स्थानिक ट्रॅव्हर्टीनचा, म्हणजे येथल्या चुनखडीचा, घ्यावा.

पोटोमॅक: ट्रॅव्हर्टीनला छिद्रे असतात आणि त्यांत शेवाळ धरते. ग्रॅनाइटच योग्य.

रोमा_नकाशे: कोलोसिअम ट्रॅव्हर्टीनचेच आहे.

माणगावचा_पाटील: ब्राँझवर शेवाळ धरत नाही.

टायबरकाठ: सर्वांचे आभार. नगरपालिकेशी बोलून आम्ही निर्णय घेतला आहे. सिमेट्रीच्या आत काहीही लावणार नाही. 10 जुलैला केवळ पुष्पचक्र वाहू आणि त्यासाठी आयोगाला आधी कळवू. फलक 1944 च्या चढाईच्या पायवाटेवर लागेल आणि तो दगडाचा नसून ओकच्या लाकडाचा असेल. वाटेवरचे नगरपालिकेचे इतर माहितीफलक तसेच आहेत, त्यामुळे त्याच परवानगीत आमचेही काम होते आणि उरलेल्या पैशांतून कॅसिनो स्मारकावरील मराठा जवानांची यादी छापता येते.

पोटोमॅक: लाकूड? इटलीच्या पावसात?

रोमा_नकाशे: निदान खांबांना खालून लोखंडी खोबण करा, नाहीतर मातीलगतचा भागच सर्वांत आधी कुजतो.