चार मांजरं, एक ल्युकेमिया पॉझिटिव्ह: आता वेगळं ठेवून उपयोग आहे का?

ठकीची_आई:
आधी सगळं सांगते, मग भांडा. आमच्याकडे तिघं होती, ठकी, मन्या आणि अकरा वर्षांचा म्हातारा गुंड्या. फेब्रुवारीत पार्किंगमधून सोन्याला वर आणला, वर्षाचा असेल तेव्हा. जंताचं औषध, पिसवा, ट्रायकॅटची लस सगळं झालं पण ल्युकेमियाची, म्हणजे मांजरांत लाळेतून पसरणाऱ्या विषाणूची, टेस्ट ना कोणी सुचवली ना मला माहीत होती. आठ महिने एकाच ताटलीत जेवले, दुपारी सोफ्यावर ठकी सोन्याचे कान चाटणार आणि तो डोळे मिटून पडणार हा रोजचा कार्यक्रम. गेल्या आठवड्यात सोन्याला ताप, हिरड्या पांढऱ्याफटक, किटवर रक्ताचा थेंब टाकला आणि दहा मिनिटांत रेघ उठली. बाकी तिघं निगेटिव्ह. सोन्याला मागच्या बेडरूममध्ये ठेवलाय. घरचे म्हणतात आठ महिने चाटून झालं, आता दार लावून काय मिळवणार. माझं मत, मिळतं.

बोकोबा_नाशिक:
घरच्यांचं बरोबर आहे हो. माझ्याकडे एक पॉझिटिव्ह बोका चार वर्षं बाकी पाच जणांत राहिला, एकालाही काही झालं नाही. मोठ्या मांजराला सहजी लागत नाही, पिल्लांना लागतो. उगाच त्या जिवाला कोंडून ठेवायचं, तो दारावर नखं ओरबाडत बसणार, जेवण सोडणार. मांजर टेन्शनने जास्त मरतं.

ठकीची_आई:
त्या पाच जणांची टेस्ट केली होती का तुम्ही? का दिसायला बरी होती म्हणून काही झालं नाही?

बोकोबा_नाशिक:
टेस्ट नाही केली. पण धडधाकट आहेत.

क्लिनिकवाला_मी:
मी डॉक्टर नाही, सात वर्षं प्राण्यांच्या दवाखान्यात टेबलाच्या या बाजूला उभा आहे, त्यावरून सांगतो. पॉझिटिव्ह मांजर काही महिने किंवा वर्षं धडधाकट दिसू शकतं, आणि तेवढा वेळ लाळेतून विषाणू सोडत असतं. म्हणून "धडधाकट आहेत" याला अर्थ नाही. दुसरं, अंगात शिरला म्हणजे कायमचा बसला असंही नाही. काही मांजरं तो पूर्ण हुसकावून लावतात, काहींत तो हाडांच्या मगजात दबून राहतो, रक्तात फिरत नाही आणि सहसा दुसऱ्याला लागत नाही, आणि काहींत रक्तात कायम राहतो. या तिसऱ्या गटातली बरीचशी तीनेक वर्षांत जातात. आता कोण कुठल्या गटात जाईल हे वय, तब्येत आणि किती विषाणू किती दिवस अंगावर आला यावर ठरतं. म्हणजे ताईंचं दार लावणं फुकट नाही. मोठ्या मांजरात प्रतिकार जास्त हे खरं, पण रोज चाटून घेणाऱ्या मांजराला त्याच्या भरवशावर सोडणं मला तरी नको वाटतं.

पाचवा_मजला:
एवढा खर्च, एवढा ताप, त्यापेक्षा जिथून आणला तिथे खाली सोडून द्या ना.

ठकीची_आई:
खाली कचराकुंडीपाशी दोन भाट्या पिल्लांसकट आहेत. सोडून दिला तर दुसऱ्याच्या दारात आजार ढकलला, एवढंच. आणि ताप असलेलं मांजर किती दिवस तगेल खाली? हा पर्याय परत काढू नका प्लीज.

बोकोबा_नाशिक:
यात मी ताईंच्या बाजूने. पण माझा मुद्दा तसाच आहे. किट चुकू शकतं. एका रेघेवर जन्मठेप?

क्लिनिकवाला_मी:
ठणठणीत मांजराची अचानक रेघ आली तर मीही आधी शंका घेईन. इथे ताप आहे, हिरड्या पांढऱ्या आहेत, त्यामुळे रेघ खरी असण्याची शक्यता जास्त. तरी लॅबमधून पक्कं करून घ्यायचंच. आणि उरलेल्या तिघांची आजची निगेटिव्ह टेस्ट मी धरणारच नाही, कारण लागण ताजी असेल तर किटला दिसत नाही. शेवटचा संपर्क ज्या दिवशी तुटला तिथून महिनाभराने परत. त्यातही निगेटिव्ह आली आणि दबलेला आहे का बघायचं असेल तर पीसीआर, म्हणजे विषाणूची जनुकं शोधणारी लॅबची टेस्ट. बोकोबांचं टेन्शनचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही, दबलेला विषाणू ताणाने किंवा स्टेरॉइडने परत उठू शकतो. खोलीत खिडकी, उंच फळी आणि माणसाची सोबत द्या.

कोथरूडची_मनी:
लस का नाही दिलीत आधी?

ठकीची_आई:
ट्रायकॅटमध्ये ल्युकेमिया येतच नाही, हे मला आत्ता कळलं. वेगळी लस असते, अमेरिकेत 1985 पासून आहे म्हणे, आमच्या दवाखान्यात नव्हती. असती तरी आधी टेस्ट करून निगेटिव्हलाच देतात, आणि ती काही शंभर टक्के नाही.

कोथरूडची_मनी:
घरात लहान बाळ आहे, त्याला लागेल का?

क्लिनिकवाला_मी:
नाही. माणसाला नाही, कुत्र्यालाही नाही. वाळला की काही तासांत मरतो, साध्या साबणाने जातो. त्यामुळे फिनेलने घर धुवत बसू नका, ताटल्या आणि माती-ट्रे वेगळे करा. खरा प्रश्न चाटण्याचा आहे.

ठकीची_आई:
दाराला खाली मांजरजाळी लावली होती, एकमेकांना दिसत राहावं म्हणून. काल रात्री पाणी प्यायला उठले तर ठकी अलीकडे, सोन्या पलीकडे, आणि ती जाळीच्या भोकातून त्याचं नाक चाटतेय. सुतार उद्या येतोय प्लायवूड घेऊन, महिना आता उद्यापासून मोजायचा.

बोकोबा_नाशिक:
प्लायला वर एक काच बसवून घ्या. दिसू दे त्यांना.