"यादव १९ व्या वर्षी टायगर हिल चढले, अग्निवीरांचं काय रडगाणं?" वाचून डोकं फिरलं

कोरडा_पाऊस: काल एकाने वरचं वाक्य टाकलं आणि पाचशे लाइक. अरे, कारगिलचे परमवीरचक्र विजेते योगेंद्रसिंह यादव साडेसोळाव्या वर्षी भरती झालेले, टायगर हिलपर्यंत अडीच वर्षं नोकरी झालेली, त्यात घातक प्लाटून, म्हणजे हल्ल्यात पुढे जाणारी निवडक तुकडी. वय सारखं म्हणून पोरगं सारखं होतं का? माझा मामा ९९ ला द्रासला होता. सांगतो, पहिला गोळा पडला तेव्हा शेजारच्या पोराची पँट ओली झाली, कुणी हसलं नाही. बारा वर्षं सर्व्हिसचा हवालदार फक्त म्हणाला, पाणी पी. असा हवालदार अग्निवीराच्या चार वर्षांच्या बिनपेन्शन नोकरीत तयार होतो का?

साताऱ्याचा_गडी: मग अग्निवीराच्या पोस्टवर हवालदार नसतो? एकटाच बसतो का तिथं? आमच्या अपशिंग्यातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले, पेन्शन विचारत बसले नव्हते.

कोरडा_पाऊस: ते गेले ते पगारासाठीच, दादा. रान काय पिकवत होतं तेव्हा?

साताऱ्याचा_गडी: गावच्या मेलेल्यांवर घसरू नका, सांगून ठेवतो.

भाकरतुकडा: ते राहू द्या, आधी भरतीच्या अकॅडमीवाल्यांचं बोला!! भाऊ दोन वर्षं अकॅडमीत, आईच्या पाटल्या गहाण, पहाटे चारला रनिंग आणि १६०० मीटरला थोडक्यात गेला. आता वयात बसत नाही. सर म्हणतात पोलीस भरतीची बॅच लाव, फी वेगळी.

मैदानगुरू: मी अकॅडमी चालवतो. पोरगं रात्री दोनपर्यंत रील बघणार आणि दोष आमचा? मेसचा गॅस फुकट येतो का?

भाकरतुकडा: मेस म्हणे. पाण्यासारखी डाळ. तुमच्या भिंतीवर सिलेक्ट झालेल्यांचे फोटो, बाकीची पोरं कुठं गेली?

मैदानगुरू: नंबर दे तुझा, फोनवर बोलू.

बेळगाव_रिटर्न: मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालो. डाळीचं नंतर भांडा. आम्हाला सेंटरला नऊ महिने घासलं, तरी पहिल्या फायरिंगला हात कापत होते, त्यामुळे वय आणि ट्रेनिंग दोन्हीकडचे थोडे बरोबर. पण चार वर्षांनी चौघांतला एकच अग्निवीर पर्मनंट होणार असेल तर जखमी जोडीदाराला उचलताना पोराच्या डोक्यात काय चालेल? निदान हा प्रश्न तरी कुणी विचारा.

साताऱ्याचा_गडी: काका, गोळी सुरू झाल्यावर पर्मनंट होण्याचे मार्क कोण मोजतंय.

बेळगाव_रिटर्न: गोळी सुरू व्हायच्या आधीचं विचारतोय. बरॅकमधलं.

साताऱ्याचा_गडी: हं. बरॅकचं मान्य. मामाच्या पाण्याचंही मान्य, खूश? अपशिंग्याचं मात्र मागे घ्या.

कोरडा_पाऊस: घेतलं. अर्धं.