बाळ १० महिन्यांचे झाले, पाळी एकदाच येऊन थांबली

अबोली:
माझे बाळ १० महिन्यांचे आहे. पहिले ६ महिने ते केवळ अंगावरच्या दुधावर होते. त्यानंतर वरचे अन्न सुरू केले, पण दिवसातून चार-पाच वेळा आणि रात्री एक-दोन वेळा ते अजूनही अंगावर पिते. सातव्या महिन्यात पाळी आली, तीही जेमतेम दीड दिवस आणि बरीच कमी. त्यानंतर दोन आठवड्यांनी नुसते डाग पडले आणि पुढे आजतागायत काहीही नाही. गरोदरपणाआधी माझी पाळी नियमित होती. घरातील मोठ्यांचे म्हणणे असे, की पाजते आहेस तोवर पाळीचा विचारच करू नये. उलट एका मैत्रिणीला पूर्ण पाजत असतानाही दुसऱ्याच महिन्यात पाळी सुरू झाली आणि ती नियमित झाली. ही अनियमितता काळजी करण्यासारखी आहे का, कोणत्या तपासण्या कराव्यात, आणि पाळी सुरळीत व्हावी म्हणून दूध तोडणे योग्य ठरेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निशिगंध:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही हे गृहीत धरून लिहिते.

सर्वात आधी लघवीची गर्भधारणा चाचणी करावी. पाजत असताना पाळी आली नाही, की ती पाजण्यामुळेच आली नाही असे धरून चालण्याकडे सगळ्यांचा कल असतो आणि त्या भरात दिवस गेल्याचे चौथ्या-पाचव्या महिन्यात लक्षात येते. स्त्रीबीज पाळीच्या आधी बाहेर पडते, नंतर नाही. त्यामुळे बाळंतपणानंतर एकदाही पाळी न येता पुन्हा दिवस राहू शकतात. स्तनपानावर गर्भनिरोधक म्हणून भरवसा ठेवता येतो तो तीन अटी एकाच वेळी पूर्ण होत असतील तरच: बाळ ६ महिन्यांपेक्षा लहान असणे, ते पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावर असणे आणि पाळी अजिबात सुरू झालेली नसणे. तिन्ही अटी पाळल्या गेल्यास १०० पैकी साधारण २ स्त्रियांनाच दिवस राहतात. तुमच्या बाबतीत आता यांतील एकही अट उरलेली नाही, म्हणून दुसरी सोय केलेली नसल्यास ती लगेच करावी.

आता मूळ प्रश्नाकडे येते. बाळ पिऊ लागले की प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारे हार्मोन वाढते आणि मेंदूकडून बीजकोशाला मिळणारा ठरावीक तालाचा इशारा मंदावतो. बीज तयार होत नाही, म्हणून पाळी येत नाही. हा परिणाम बाळ किती वेळा पिते आणि विशेषतः रात्री पिते का, यावर बराच अवलंबून असतो. वरचे अन्न वाढते तसा तो ताल हळूहळू परत येतो, पण एका दिवसात नाही. मधल्या काळात कधी बीज बाहेर न पडताच गर्भाशयाचे अस्तर सुटून अंगावरून जाते, कधी नुसते डाग पडतात, कधी दोन पाळ्यांत दोन-तीन महिन्यांचे अंतर पडते. तुम्ही सांगितलेले चित्र यात सहज बसते. पाजणाऱ्या स्त्रियांत पाळी दुसऱ्या महिन्यात परत येणे जितके स्वाभाविक, तितकेच दीड वर्षाने येणेही, तेव्हा मैत्रिणीशी तुलना करू नये. वरच्या दुधावरच्या बाळाच्या आईची पाळी मात्र बहुधा दोन-तीन महिन्यांच्या आत सुरू होते. तिला तोवर ती आली नाही, तर वाट पाहत बसू नये.

केवळ पाळीसाठी दूध तोडण्याचे कारण मला दिसत नाही. आणखी एक, पाजत असताना प्रोलॅक्टिनची तपासणी करून घेऊ नये. तो आकडा वाढलेलाच येणार आणि त्यावरून विनाकारण घबराट होते. दूध पूर्ण बंद केल्यावरही तीन महिन्यांत पाळी आली नाही, तर मात्र ती तपासणी उपयोगी पडते.

चांदणचाफा:
निशिगंध यांच्या उत्तराला एक पुरवणी जोडावीशी वाटते, कारण 'पाजते आहे म्हणून असेल' हे वाक्य फार सहज उच्चारले जाते. माझ्या जावेला बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव झाला होता आणि रक्त चढवावे लागले होते. त्यानंतर तिला दूधच आले नाही. पाळी आली नाही, सतत थंडी वाजे, उठताना चक्कर येई, काखेतले केस पुन्हा उगवले नाहीत. प्रत्येक तक्रारीला बाळंतपणाचा अशक्तपणा हेच उत्तर मिळत गेले. शेवटी एका हार्मोनतज्ज्ञांनी बाळंतपणाची हकीकत सुरुवातीपासून विचारली, तेव्हा रक्तस्रावामुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोन तयार करणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीला इजा झाल्याचे, म्हणजे शीहान सिंड्रोमचे, निदान झाले. आता ती रोज गोळ्या घेते आणि तिची तब्येत चांगली आहे. हा आजार विरळ आहे, अबोली यांना तो असेल असे मला मुळीच सुचवायचे नाही. परंतु पाळी नाही आणि दूधही आले नाही, या दोन गोष्टी एकत्र असतील, तर कोणीही समजूत घातली तरी गप्प बसू नये.

निशिगंध:
अगदी योग्य मुद्दा. त्याच्या जोडीला थायरॉइड लक्षात ठेवावे, कारण ते बरेच अधिक आढळते. बाळंतपणानंतरच्या वर्षात १०० पैकी साधारण ५ स्त्रियांच्या थायरॉइडला सूज येते. आधी धडधड, चिडचिड, वजन घटणे आणि काही महिन्यांनी उलट थकवा, बद्धकोष्ठता, अनियमित पाळी असे ते दिसते. झोपमोड होणाऱ्या कोणत्याही आईला हे सारे आपलेच वर्णन वाटेल, म्हणूनच ते निसटते. टीएसएच ही साधी रक्ततपासणी आहे, ती करून घ्यावी.

मोगरी:
मलाही एक विचारायचे आहे. मी दर तीन महिन्यांनी गर्भनिरोधक इंजेक्शन घेते आणि पाळी पूर्ण बंद आहे. घाण आत साठून राहते असे ऐकले, ते खरे का?

निशिगंध:
खरे नाही. या इंजेक्शनामुळे अस्तर पातळ राहते, म्हणून बाहेर पडण्यासारखे काही तयारच होत नाही. इंजेक्शन थांबवल्यावर पाळी परत यायला अनेक महिने, कधी वर्षभरही लागू शकते. लवकरच दुसऱ्या बाळाचा विचार असेल, तर हे आधी ध्यानात घ्यावे.

अबोली:
सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांची आभारी आहे. लघवीची चाचणी केली, ती नकारात्मक आली. एक गोष्ट मूळ प्रश्नात लिहायची राहिली: प्रसूतीनंतर वारेचा तुकडा आत राहिला होता, म्हणून तिसऱ्या आठवड्यात क्युरेटिंग (गर्भाशय आतून खरवडून साफ करणे) करावे लागले. त्याचा याच्याशी काही संबंध असू शकतो का?

निशिगंध:
असू शकतो, आणि या माहितीने माझा सल्ला थोडा बदलतो. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत गर्भाशय मऊ असते, त्या काळात क्युरेटिंग झाल्यास आतल्या भिंती क्वचित एकमेकींना चिकटतात. मग पाळी फार कमी येते किंवा बंद होते, आणि त्याचा पाजण्याशी संबंध नसतो. दर महिन्याला ठरावीक दिवसांत ओटीपोटात कळा येतात पण अंगावरून काही जात नाही, असे होते का ते आठवून पाहावे. तसे होत असेल, तर दूध सुटण्याची वाट न पाहता भेट घ्यावी. होत नसेल, तरी दीड दिवसाची ती कमी पाळी डॉक्टरांना आवर्जून सांगावी. साध्या सोनोग्राफीत या चिकटी नेहमी दिसतातच असे नाही. शंका राहिल्यास दुर्बिणीने गर्भाशयाच्या आत पाहतात आणि चिकटी असतील तर त्याच वेळी सोडवताही येतात. जाताना प्रसूतीचे डिस्चार्ज कार्ड आणि क्युरेटिंगचे कागद सोबत न्यावेत.

दरम्यान अचानक जोराचा स्राव सुरू झाला, तासाला एक पॅड भिजू लागले, ताप आला किंवा स्रावाला दुर्गंधी आली, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

अबोली:
कळांचे आपण लिहिल्यावर लक्षात आले, गेले दोन महिने साधारण त्याच सुमारास कंबर आणि ओटीपोट दुखते आहे. मी ते बाळाला उचलण्यामुळे असेल असे समजत होते. याच आठवड्यातली वेळ घेतली आहे, टीएसएचही त्याच वेळी करून घेईन.