पाथवे पण मार्ग, एअरवे पण मार्ग?

दादरकरीण: एका दवाखान्यासाठी दम्याचं माहितीपत्रक मराठीत करतेय. वाक्य असं झालंय, 'दाहक रासायनिक मार्गांमुळे श्वसनमार्ग आकुंचन पावतो'. आईला वाचायला दिलं तर म्हणे कुठला मार्ग कुठे जातो गं? काय करू?

लसूणचटणी: पहिल्या मार्गाची 'साखळी' कर, एकातून दुसरं रसायन निघतं तेच आहे ना ते. आणि दाह नको प्लीज, लोक इनो शोधतील.

शुद्धमती: दाह नको तर 'शोथ' आहे की. आयुर्वेदातला तयार शब्द.

भांडुपचा केमिस्ट: शोथ माझ्या एकाही गिऱ्हाईकाला कळणार नाही ताई, सरळ 'सूज' लिहा. माझं भांडण आकुंचनशी आहे. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, बुरशी नाकातोंडात जाते, ॲलर्जी असली की मास्ट सेल नावाच्या पेशी आतला माल सोडतात, हिस्टामीन हे रसायन मिनिटांत बाहेर, मागोमाग ल्युकोट्राइन, ते तर नळीचे स्नायू हिस्टामीनपेक्षा कितीतरी पट जोरात आवळतात, म्हणून तर हिस्टामीन अडवणाऱ्या नुसत्या सेट्रिझिनच्या गोळीने दमा आटोक्यात येत नाही. मग काही तासांनी दुसरी लाट, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जमतात, आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ. म्हणजे आवळणं वेगळं आणि सुजणं वेगळं. निळा पंप आवळलेलं सोडवतो, सुजेला स्टेरॉइडचा पंप, तो रोज. नुसतं आकुंचन लिहिलंत तर लोक निळ्यावरच भागवतील, तसंही भागवतातच. 'अरुंद होतात' लिहा.

शुद्धमती: पटलं. पण ल्युकोट्राइन तसंच ठेवणार? ल्युको म्हणजे श्वेत, ट्राइन म्हणजे तीन दुहेरी बंध, 'श्वेतत्रिबंध' होऊ शकतं.

लसूणचटणी: आणि ल्युकोट्राइन अडवणारं औषध मॉन्टेलुकास्ट म्हणजे श्वेतत्रिबंधारी का? 😂 अहो सॅम्युएल्सन या शास्त्रज्ञाने १९७९ मध्ये पांढऱ्या पेशींवरून ते नाव ठेवलं, त्याआधी त्यालाच नुसतं एसआरएस म्हणायचे, हळू काम करणारा पदार्थ. कोणाचं काही अडलं नाही.

शुद्धमती: अडत नाही म्हणूनच भाषा जाते. आज ल्युकोट्राइन, उद्या दम्याला पण अस्थमा म्हणाल. दमा निदान आपला आहे, संस्कृत 'दम्', दमन करणे.

माहीमवाला: दमा फारसी आहे हो. दम म्हणजे श्वास. संस्कृतात त्याला तमक श्वास म्हणतात.

दादरकरीण: साखळी लिहू का मग? उद्या छापायला द्यायचंय.

शुद्धमती: आमची आजी कोकणातली, 'दमेकरी' म्हणायची, ती काय फारसी शिकली होती?

लसूणचटणी: आणि बिर्याणीचा दम?

माहीमवाला: तोच. श्वास, वाफ.

शुद्धमती: बिर्याणी मध्ये आणू नका. धातुपाठ बघा आधी, संस्कृत क्रियापदांच्या मुळांची यादी.