चौथीत १२ मुलं: टक्केवारी वाचायची कशी?

प्रश्न: शहापूर तालुक्यातली जिल्हा परिषद शाळा, पहिली ते पाचवी, पट ४१. चौथीतली १२ पैकी ९ मुलं उतारा नीट वाचतात, म्हणजे ७५ टक्के. व्यवस्थापन समितीपुढे वर्गवार तुलना मांडावी का?

उत्तर १: टक्के नकोच, "१२ पैकी ९" असंच लिहा. इथे एक मूल म्हणजे ८.३ टक्के, एकाचा दाखला गेला तरी आकडा हलतो. तीन वर्षांची चौथी एकत्र धरा, मग थोडं बोलता येईल. जातप्रवर्गानुसार तक्ता तर लावूच नका. एका रकान्यात दोनच मुलं असली की गावाला नावं कळतात.

उत्तर २: पट कुठल्या तारखेचा? ३० सप्टेंबरचा असेल तर दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली मुलं त्यात मोजली जातात, पण चाचणीला नसतात. हजेरीपटावरून वर्षभर असलेली मुलं वेगळी काढा. जाणाऱ्यांना शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाने नव्या गावच्या शाळेत दाखवायचं कार्ड) द्या, त्यात वाचनाची पातळी लिहा.

उत्तर ३: घरची भाषाही नोंदवा. कातकरी बोलणारं मूल अडखळतं तेव्हा अक्षर अडलंय की शब्द अनोळखी आहे, हे तोंडी विचारूनच कळतं. आणि ४१ पटाला शिक्षक दोनच, म्हणजे जोडवर्ग (एकाच शिक्षकाकडे एकावेळी दोन-तीन इयत्ता) आलेच; तेही तक्त्याखाली लिहा.