एकदा जोडा, मग पुन्हा जोडा?

कागदकीडा: गेम कंट्रोलरच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. 'पेअर' आणि 'कनेक्ट' दोन्हींना 'जोडणे' लिहिलं, तर वाक्य झालं असं: 'कंट्रोलर एकदा संगणकाला जोडला की पुन्हा जोडावा लागत नाही, पुढच्या वेळी फक्त मधलं बटण दाबून जोडा.' तपासणाऱ्यांनी समासात नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. दोन वेगळे शब्द सुचवा.

टंकनिका: पेअरला 'जुळवणे'. सोपं आहे की.

जुना खिळा: जुळणीला हात लावू नका! वडिलांची हयात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली. जुळं, जुळणी, जुळारी सगळी एकाच घरातली. सुटे दोन शेजारीशेजारी बसवणं हा अर्थ. कंट्रोलर पलंगावर, संगणक टेबलावर. शेजारी कुठे?

टंकनिका: सूर जुळतात ते काय शेजारी बसवून? छापखान्याने शब्द वापरायला घेतला होता, नावावर करून नाही.

रात्रपाळी: आधी घडतं काय ते बघा. पहिल्यांदा दोन्ही यंत्रं आपसात एक गुप्त किल्ली ठरवतात आणि जपून ठेवतात. हे पेअरिंग. नंतर दरवेळी त्याच किल्लीच्या भरवशावर संपर्क सुरू होतो, तो कनेक्ट. म्हणून यादीत नाव दिसतं, पण कंट्रोलर ढिम्म, असं होतं. ओळख आहे, बोलणं नाही. ड्युअलशॉक ४ ची, म्हणजे प्लेस्टेशन ४ या खेळयंत्राच्या कंट्रोलरची, शेअर आणि पीएस ही बटणं दिवा भराभर लुकलुकेपर्यंत एकत्र दाबून धरावी लागतात. नुसतं पीएस दाबलं तर तो जुन्या ओळखीच्या कन्सोलकडेच धावतो. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली. पेअरला 'ओळख करून देणे' म्हणा.

वाटसरू: उलटं का नको? 'माणसं जोडणं' म्हणजे कायमची ओळखच. पेअरला 'जोडणे' ठेवा, कनेक्टला दुसरा शब्द शोधा.

शुद्धमती: 'युग्मन' हा नेमका शब्द असताना ही कसरत कशाला? 'महापौर' आणि 'दिनांक' आज कुणाला खटकतात? आणि 'कंट्रोलर' का? 'नियंत्रक' म्हणा.

रात्रपाळी: नियंत्रक म्हटलं की मला परीक्षा नियंत्रकच दिसतात. आणि अनपेअरला काय, 'वियुग्मन'? असं बटण दिसलं तर मी खेळणंच सोडीन.

जुना खिळा: शुद्धमती, ब्लूटूथचं काय करणार? नीलदंत? ते दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हाराल्ड राजाचं टोपणनाव. चिन्हसुद्धा त्याच्या आद्याक्षरांच्या दोन रून (तिकडच्या जुन्या लिपीतल्या) अक्षरांची जुळणी आहे.

टंकनिका: जुळणी! चालते म्हणजे.

जुना खिळा: अक्षरांची चालते.

कागदकीडा: 'ओळख' मला पटलाय. पण बटणावर सहाच अक्षरं मावतात. 'ओळख करून द्या' सात होतात.

शुद्धमती: युग्मन. तीन.